एका म्हशीचं दूध

"हिच्या हाताला विरजण लागत नाही," आत्या आईला म्हणाली.

हळू आवाजात म्हणाली, म्हणजे तिच्या मते हळू. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर एवढं लहान आहे की तिथे कुजबुजलेलंही बैठकीत ऐकू येतं. मी नुकतीच लॅबमधून आले होते आणि दारात चपला काढत होते. जिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं ती माझी वहिनी मोरीपाशी ताटं पुसत होती. तिने एकच ताट दोनदा पुसलं, मग ते पुन्हा नळाखाली धरलं.

"वन्सं, दूध पातळ असेल," आई म्हणाली.

"दूध? अगं, आमच्या बाबांच्या वेळेपासून एकाच म्हशीचं दूध येतं या घरात. शेजारणीकडे चार म्हशींचं मिसळलेलं जातं, तरी तिचं दही बघ, सुरीने कापावं असं. आणि आपल्याकडे? हाताचा गुण असतो, कुणाला असतो, कुणाला नसतो. त्यात परेशान होण्यासारखं काय आहे? फक्त पाडव्याचं दही तिला नको लावू देऊ, एवढंच म्हणते मी."

आई पोळी लाटत राहिली. मीही गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याचं आमच्या घरात कुणाला काही वाटत नाही. मी लहानपणापासून अशीच आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी हिंदी बोलणाऱ्या, आणि मराठी फक्त घरातली, तीही नातेवाइकांसमोर बोलताना मध्येच हिंदीत घसरणारी. आत्या त्यावर हसते. "बोला मॅडम, बोला," म्हणते. म्हणून मी बोलायचंच कमी केलं. ऐकते मात्र सगळं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. शहरातच दाना ओलीत राहते, पण पाडव्याच्या आधीचा आठवडा तिचा मुक्काम आमच्याकडे असतो, कारण गुढी भावाच्या घरी उभारायची आणि श्रीखंड तिच्या देखरेखीखाली व्हायचं, असा रिवाज आहे. त्या रिवाजाला एक पोटरिवाजही आहे. घरात नवी सून आली की तिच्या पहिल्या पाडव्याचं दही तिनेच लावायचं. आईने लावलं होतं, काकूनेही लावलं होतं. यंदा वहिनीची पाळी होती.

वहिनी भिंडची. माहेर हिंदी बोलणारं. दादाशी लग्न तिने स्वतः ठरवून केलं, आणि लग्नाआधीच मराठी शिकायला लागली. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मराठीही गणितासारखीच बोलते, पायरी न सोडता, उत्तर तपासून. लग्नानंतर महिनाभर तिचं दही छान लागत होतं. मग अचानक लागेनासं झालं. एक दिवस, दोन दिवस, मग रोजच. रात्री लावलेलं सकाळी तसंच पातळ. दरवेळी शेजारून नाहीतर आत्याकडून नवं विरजण यायचं आणि दरवेळी वाया जायचं.

तुम्ही म्हणाल, दह्याचं काय एवढं? एवढं यासाठी, की मला माझी काकू माहीत आहे.

काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. ती नवी नवरी असताना तिने घातलेल्या लोणच्याला बुरशी आली. एकदाच. तेव्हा कुणीतरी म्हणालं, हिच्या हातचं लोणचं टिकत नाही. ते वाक्य माझ्या जन्माच्या आधीचं आहे आणि अजून जिवंत आहे. घरात लोणचं घालायचं असलं की काकू कैऱ्या धुते, फोडीही करते, पण बरणीला हात लावत नाही. तिला कुणी सांगावं लागत नाही. मसाला कालवायची वेळ आली की ती आपणहून उठते आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसते. मी लहानपणी तिच्याशेजारी जाऊन बसायचे. मला वाटायचं तिला वारा आवडतो.

वहिनीने ताट ठेवलं आणि माझ्याकडे पाहून हसली. काही ऐकलंच नाही असं हसली. ते मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेल्यातलं ते न लागलेलं दही चमच्याने चाखलं. आणि थांबले. ते गोड होतं.

हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण न लागलेलं दही कुणी चाखत नाही, ओतून देतात. चैत्र तोंडावर आलेला, ग्वाल्हेरचं ऊन तापू लागलेलं. थंडीत इथे दही लावायचं तर पातेलं शालीत गुंडाळून कोठीत दडवावं लागतं. पण या दिवसांत नुसतं तापवून ठेवलेलं दूधही रात्रभरात आंबूस व्हायला लागतं. आणि हे दूध, ज्यात चमचाभर ताजं विरजण घातलं होतं, रात्रभर ओट्यावर राहून सकाळी गोड. लागलं नव्हतं आणि नासलंही नव्हतं. त्यात काहीच घडलं नव्हतं.

मी एका स्टीलच्या डबीत ते दूध घेतलं, दुसऱ्या डबीत शेजारणीकडचं दही, आणि दोन्ही डब्या जेवणाच्या पिशवीत ठेवून इंदरगंजला लॅबमध्ये गेले.

मी तिथे जंतूंचं काम बघते. लघवी, थुंकी, जखमेतला पू, जे येईल ते काचेच्या बशीत वाढवायचं आणि कोणते जंतू आहेत, कोणत्या औषधाने मरतात ते सांगायचं. दिवसभर हेच. त्यामुळे माझं काहीसं ठाण्यातल्या हवालदारासारखं झालं होतं. त्याला जसं गाव म्हणजे चोरांनीच भरलंय असं वाटतं, तसे मला जिवाणू म्हणजे आजार वाटायचे. पुस्तकात वाचलं नव्हतं असं नाही. मटाराच्या मुळांवरच्या गाठींत बसून ते हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात, पडलेली पानं कुजवून पुन्हा माती करतात, आपल्या आतड्यांत कोट्यवधींनी राहून आपलं अन्न पचवायला मदत करतात आणि बाहेरून आलेल्या वाईटांना जागा धरू देत नाहीत. बाळ जन्मतं तेव्हा त्याची पहिली वस्ती आईकडूनच येते. हे सगळं मी परीक्षेत इंग्रजीत लिहिलं होतं आणि मार्क मिळवून विसरून गेले होते. पण दही मी कधी सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली ठेवलं नव्हतं. घरात रोज होणारी गोष्ट, तिच्याकडे कोण बघतं!

जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही काचपट्ट्या रंगवल्या. आधी शेजारचं दही ठेवलं.

काय सांगू! जांभळ्या रंगाची अख्खी जत्रा. ठिपक्यांच्या माळाच माळा, मण्यांसारख्या एकाला एक लागलेल्या, आणि त्यांच्यामधून बारीक काड्या, काही एकट्या, काही जोडीने. जिथे सरकवावं तिथे तेच. दुधातली साखर खाऊन हे सगळे आंबटपणा सोडतात आणि त्या आंबटपणाने दूध घट्ट होतं. म्हणजे दही लागणं म्हणजे रात्रीतून एक शहर वसणं. मी जेवायची विसरले.

मग आमची काचपट्टी ठेवली. स्निग्धांशाचे पुसट गोळे, आणि खूप शोधल्यावर कुठे एखादी तोकडी माळ, कुठे एखादी काडी. विरजणाबरोबर जेवढे आत गेले असतील तेवढेच. एकही वाढलेला नाही.

असं चित्र मला माहीत होतं. आम्ही बशीभर जंतू पसरतो आणि त्यावर औषधात बुडवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली असते, पण ज्या चकतीतलं औषध लागू पडतं तिच्याभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ उमटतं. तिथे कुणी वाढत नाही. आमच्या घरातलं दूध त्या वर्तुळातलं होतं.

दुधात औषध कुठून येणार? हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. म्हशीकडून.

मात्र लॅबने मला एक शिस्त लावली आहे. संशय आला म्हणजे सिद्ध झालं नाही. एका बशीशेजारी दुसरी बशी ठेवावी लागते, जिच्यात एकच गोष्ट वेगळी असेल. घरी येताना मी पाकिटाचं दूध घेतलं आणि वहिनीला माझ्या खोलीत बोलावलं.

"दही लगाओगी?" मी विचारलं.

"माझ्या हाताने?" ती मराठीत म्हणाली. मग हिंदीत, "क्यों, एक और बार हँसना है सबको?"

"फक्त दूध वेगळं. बाकी सगळं तेच. तुझाच हात."

ती गणिताची बाई. तिला पुढे काही समजावावं लागलं नाही. दोन वाट्या, दोन्हींत सारखं कोमट दूध, एकीत पाकिटाचं, एकीत घरचं, दोन्हींत एकाच डबीतलं विरजण, दोन्ही तिनेच ढवळल्या. आणि मग तिने स्वतःहून तिसरी वाटी आणली. "यात घरचं दूध घाल आणि तू लाव," ती म्हणाली. "नाहीतर म्हणतील, दूध आणि हात दोन्ही खराब." माझ्या लक्षात आलं नव्हतं ते तिच्या आलं. वाट्या आम्ही माझ्या कपाटावर, जुन्या पुस्तकांशेजारी ठेवल्या.

सकाळी वहिनी माझ्या आधी उठली होती. मी डोळे उघडले तेव्हा ती पलंगाशी उभी होती, हातातली वाटी पूर्ण उलटी धरून, आणि वाटीतलं दही हलत नव्हतं. दुसऱ्या हातात माझी वाटी, तिच्यात दूध डचमळत होतं.

"तेरे हाथ में भी नहीं लगता," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडावर उशी दाबून हसलो. लग्न होऊन आल्यापासून मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

आता हे सांगायचं कसं? मी आईला सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं, वाटीत बोट बुडवून पाहिलं. "तूच सांग वन्संना," म्हणाली. "मी सांगितलं तर सुनेची बाजू घेतल्यासारखं होईल." पण दोन वाट्या आत्यापुढे ठेवून काही होणार नव्हतं. ती म्हणाली असती, पाकिटाच्या दुधात पावडर असते, लागणारच. तिला पटेल असा एकच हात जगात होता, तिचा स्वतःचा.

त्या संध्याकाळी मी तिच्यापाशी गेले. "आत्या, पाडव्याचं दही यंदा तूच लाव ना."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी आपणहून काही म्हणावं याची तिला सवय नव्हती. मग ती इतकी खूष झाली की मला वाईट वाटलं. "बघ, हिला कळतं," आईला म्हणाली, "मॅडम असून कळतं."

तिने दाना ओलीहून आणलेली पितळी डबी उघडली. त्या डबीतल्या विरजणाचा तिला फार अभिमान. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनहून इकडे आले तेव्हा बैलगाडीत विरजणाचं मडकं होतं, आणि तेच आजपर्यंत चालत आलंय, असं ती सांगते. रोज थोडं मागे ठेवायचं, रोज नव्या दुधात घालायचं. मी मनात हसायचे. इतक्या वर्षांत त्यात किती नवे आले असतील, किती जुने गेले असतील. पण काचेखालची ती जत्रा पाहिल्यापासून माझं हसू गेलं होतं. समजा, त्यातली एखादी माळ खरंच त्या मडक्यातल्यांची वंशज असली तर? आम्ही इथे येऊन हिंदीत स्वप्नं बघायला लागलो, आमच्या पोरांना मूळ गावाचा, सासवडचा, रस्ता माहीत नाही, आणि ते मात्र न चुकता दर रात्री आपली पिढी पुढे ढकलत आले. कुणाच्या ना कुणाच्या हाताने.

आत्याने मोठ्या पातेल्यात दूध कोमट केलं, करंगळीने ऊब पाहिली, विरजण घातलं, देवाचं नाव घेतलं, झाकण ठेवलं. ती निजायला गेल्यावर वहिनीने त्याच डबीतलं उरलेलं विरजण घेऊन दुसऱ्या पातेल्यात पाकिटाचं दूध लावलं आणि ते कोठीत ठेवलं.

सकाळी दूधवाल्या भैयांची मोटारसायकल वाजली तशी मी फाटकाशी गेले. हिंदीत बोलायला मला कधीच अडचण येत नाही. मी सरळ विचारलं, "भैया, हमारी वाली भैंस बीमार है क्या?"

"अरे बिटिया, थन में सूजन आ गई थी। डॉक्टर साहब सुई लगा रहे हैं। अब ठीक है।"

"डॉक्टर ने दूध के लिए कुछ नहीं कहा?"

ते जरा अडखळले. "कहा था, अभी किसी को मत देना। बाकी घरों में तो नहीं दिया। पर आपके यहाँ तो उसी का जाता है न, बरसों से। दूसरी का ले आता तो बुआजी पहचान लेतीं, डाँट पड़ती। हमने सोचा, उबाल के ही तो पीते हैं।"

उकळल्याने जंतू मरतात, औषध मात्र बरंचसं उरतं. मी त्यांना सांगितलं की डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्या म्हशीचं दूध आमच्याकडे आणू नका, आणि बुआजींचं मी पाहते. हे शेवटचं बोलताना माझा आवाज जरा लांबूनच आला.

म्हणजे असं झालं होतं. शुद्धतेच्या हौसेने आम्ही एका म्हशीचं दूध वेगळं मागत आलो, आणि म्हणून तिचं सगळं औषध न मिसळता, न टळता, थेट आमच्या पातेल्यात येत होतं. कॉलनीत फक्त आमच्याच.

मी आत गेले. पाडव्याचा आदला दिवस, दही फडक्यात बांधून टांगायचं होतं. काकूही मदतीला आली होती आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून चारोळ्या निवडत होती. आई ओट्याशी, वहिनी कोठीच्या दारात. आत्याने पदर खोचला आणि झाकण उचललं.

दूध हललं.

तिने पातेलं जरा कलतं केलं. पुन्हा हललं. तिने बोट बुडवून चाखलं. मला वाटलं होतं ती कुणावर तरी ओरडेल, दुधावर, उन्हावर, आमच्यावर. तिने तसं काही केलं नाही. तिने आपला उजवा हात समोर धरला, तळवा वर केला, मग उलटा केला, आणि त्या हाताकडे अशी बघत राहिली जणू तो आजच कुणीतरी तिच्या मनगटाला लावून दिला आहे.

"वय झालं म्हणायचं," ती म्हणाली. "हात गेला माझा."

मी वहिनीकडे पाहिलं. ती कोठीतून दुसरं पातेलं घेऊन आली, मध्ये ठेवलं, झाकण काढलं. दह्यावर पिवळसर साय, कडेला एक थेंब पाणी नाही. आईने चमचा खुपसला तर खड्डा तसाच राहिला.

"हे कुणी लावलं?" आत्याने विचारलं.

वहिनी माझ्याकडे बघत होती. आई जमिनीकडे. बाहेर काकूच्या बोटांमधल्या चारोळ्या थांबल्या होत्या.

पुढे सगळं झालं. ते दही टांगलं, चक्का घट्ट निघाला, दुसऱ्या दिवशी गुढी उभी राहिली आणि नैवेद्याला वहिनीच्या पहिल्या पाडव्याचं श्रीखंड होतं. आत्याने दोनदा मागून घेतलं. पण ते पुढचं. त्याआधी त्या स्वयंपाकघरात कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ज्याला सगळं माहीत होतं असं माणूस तिथे एकच होतं. मी अंघोळ करताना वाक्यं जुळवली होती, 'जिवाणू' शब्द चारदा घोकला होता. त्यातलं अर्धं ऐन वेळी विसरले. मी आत्याचा तो उलटा केलेला हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि उंबऱ्याबाहेरही ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात बोलले.

"वहिनीने लावलंय, आत्या. विरजण तुझंच, डबीतलं. फक्त दूध दुसरं. आपल्या म्हशीला सुया चालू आहेत, ते औषध तिच्या दुधात उतरतंय, आणि त्यात तुझ्या विरजणातले जिवाणू वाढूच शकत नाहीत. तुझा हात चांगला आहे. वहिनीचा पण चांगला आहे. हाताला गुण-बिन काही नसतो गं, दही ते लावतात, आपण नुसतं त्यांना दूध देतो. आणि काकू, तू आत ये. लोणच्याला बुरशी ओल्या फोडीमुळे आली असेल, नाहीतर मीठ कमी पडलं असेल, तुझ्या हाताने कधीच आली नव्हती. यंदाचं लोणचं तू घालायचं."